सतरा पॉइंट एकतीस

"एकशे त्र्याहत्तर पॉइंट एक मीटर पर सेकंद," बावधनचा मुलगा वहीतून मान वर न काढता सांगतो.

"ताशी किलोमीटर कर की," माझी भाची म्हणते.

तो ३.६ ने गुणतो. पेन्सिल थांबते. "सहाशे तेवीस."

गच्चीवर घटकाभर कुणी बोलत नाही. मग मेणवलीची मुलगी तोंडावर ओढणी धरते, पण हसू काही धरवत नाही. चष्मेवाला तिला साथ देतो. बावधनचा मात्र गंभीर आहे. तो वही उलटसुलट करून बघतो, जणू कागदाच्या पाठीमागून चूक सापडेल.

उदाहरण असं आहे: वळणाची त्रिज्या ६० मीटर, रस्ता आतल्या बाजूला २७ अंशांनी कललेला. घर्षणाची मदत न घेता गाडी किती वेगानं वळवता येईल? आणि या मुलाच्या उत्तरात गाडी ताशी ६२३ किलोमीटरनं निघाली आहे.

वाई, फेब्रुवारी, रात्रीचे साडेनऊ. ताईच्या घराची गच्ची, दोन चटया, पाण्याच्या टाकीला बांधलेल्या वायरवरून लोंबणारा एक दिवा आणि त्याच्याभोवती जमलेले तमाम किडे. खाली कृष्णा नदीच्या अंगाला कुठल्याशा आळीचा कृष्णाबाईचा उत्सव चालू आहे. माइकवर मधूनच टाळ ऐकू येतात, मधूनच 'लहान मुलांना सांभाळा' अशी सूचना. उद्या अकरा वाजता या चौघांचा बारावीचा फिजिक्सचा पेपर; बावधन आणि मेणवली ही वाईजवळचीच गावं. भौतिकशास्त्र हा शब्द इथं कुणाच्या तोंडी नाही. तो फक्त माझ्या डोक्यात आहे, कारण मी दहावीपर्यंत तो वापरला आणि त्यानंतर कधीच नाही.

मी पुण्याहून दोन दिवसांसाठी आलोय. ताईचं म्हणणं, "तू सायन्सला होतास, जरा बस पोरांपाशी." मी सायन्सला होतो हे खरं. काठावर होतो हेही खरं. त्यामुळं मी टाकीला पाठ टेकून बसलोय, डास मारतोय आणि बघतोय.

भाची बावधनच्याची वही ओढून घेते. सूत्र बरोबर आहे: व्ही बरोबर रूट आर जी टॅन थीटा. किमती बरोबर घातल्यात. ६० गुणिले ९.८ म्हणजे ५८८. टॅन २७ म्हणजे ०.५०९५. आता बोर्डाला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. ज्या मुलांच्या खिशातला मोबाइल सेकंदात वर्गमूळ काढून देतो, ती मुलं परीक्षेपुरती वर्गमूळासाठी उभ्या-आडव्या रकान्यांतून बोट फिरवतात. मला या टेबलाबद्दल प्रेम आहे, हे सांगून टाकतो. त्या काळात मला तेवढंच नीट येत होतं.

"५८८ चा लॉग?" भाची विचारते.

"दोन पॉइंट सात सहा नऊ चार."

"बरोबर. ०.५०९५ चा?"

"एक पॉइंट सात शून्य सात एक."

"एक नाही. एक बार."

"तेच की."

"तेच कसं? बार म्हणजे तो एक वजा आहे आणि पुढचे दशांश अधिक आहेत. बार डोक्यावर असतो तो शोभेला नसतो."

त्यानं बार लिहिलाही आहे, फक्त बेरजेच्या वेळी तो दिसला नाही. २.७६९४ अधिक १.७०७१ असं करून त्याला ४.४७६५ आले. एक अधिक करण्याऐवजी वजा केला की येतात २.४७६५. वर्गमूळासाठी अर्धे केले की १.२३८२. मग अँटिलॉग. बोट खाली सरकतं, आडवं जातं, शेवटच्या बारीक रकान्यांतला फरक मिळवतं.

"सतरा पॉइंट एकतीस."

"ताशी?"

"बासष्ट." तो पहिल्यांदाच हसतो. "बासष्ट पॉइंट तीन. एका बारनं धापट गाडी विमान झाली की."

"दहापट," चष्मेवाला दुरुस्त करतो.

"आमच्याकडं धापटच म्हणतात."

सर सांगतात म्हणे, सूत्राला अर्धा गुण, किमती घालायला अर्धा, आकडेमोडीला अर्धा, एककासकट उत्तराला अर्धा. म्हणजे गाडी विमान झाली तरी दोनातला एक गुण हातात राहतो. चष्मेवाल्याच्या मते हे चांगलं आहे. भाचीच्या मते गाडी ६२३ नं निघाली तेव्हाच पोटात गोळा यायला हवा होता. दोघं थोडा वेळ भांडतात. मला दोघांचंही पटतं. मी बोलत नाही.

सत्तर गुणांचा पेपर, तीन तास, शिवाय शेवटी दहा मिनिटं जादा. प्रात्यक्षिकाचे तीस गुण आधीच उरकलेत. सोनोमीटरची तार आणि मीटर ब्रिज यांच्या आठवणी आता जुन्या लढायांसारख्या सांगितल्या जातायत. पुस्तकात सोळा धडे. पेपरात पहिले अठरा गुण सक्तीचे, बाकी सगळीकडं निवड: दोन गुणांचे बारांतले आठ, तीन गुणांचेही बारांतले आठ, चार गुणांचे पाचांतले तीन. ही निवड म्हणजेच पोरांचं खरं गणित. कोणता धडा 'ऑप्शनला टाकायचा' यावर गेला महिनाभर खल झालाय. बावधनच्यानं थर्मोडायनॅमिक्स आणि मॅग्नेटिक मटेरियल्स टाकलेत. मेणवलीच्या मुलीनं काहीच टाकलेलं नाही आणि त्यामुळं तिची झोप टाकली गेलीय. चष्मेवाला पुण्याच्या क्लासला असतो, बोर्डासाठी गावी आलाय. त्याचं लक्ष एप्रिल-मेमधल्या सीईटीवर. तिथं चार पर्यायांत एक टिचकी, डेरिव्हेशन लिहायला कुणी सांगत नाही. गेल्या कित्येक महिन्यांत त्यानं सलग तीन ओळी हातानं लिहिलेल्या नाहीत, हे तो जरा अभिमानानंच सांगतो. अर्ध्या तासानं त्याच हाताला पेटका येतो आणि अभिमान उतरतो.

दहाच्या सुमाराला दाजी वर येतात. दाजींची पिकअप आहे. या दिवसांत पाचगणी-भिलारकडची स्ट्रॉबेरी पसरणी घाटानं खाली आणायची हे त्यांचं काम. पहाटे साडेतीनला निघायचं म्हणून ते एव्हाना झोपलेले असतात, पण आज पोरांचा गलका झोपू देत नाही. हातात चहाची किटली.

"कशाचं हसताय?"

भाची वळणाचं उदाहरण सांगते. दाजी कप भरता भरता ऐकतात.

"सत्तावीस अंश? आडवा?"

"हो. म्हणजे रस्ता असा." ती वही तिरकी धरते.

दाजी वहीच्या उताराकडं पाचगणीच्या टेबललँडकडं बघावं तसं बघतात. "आगं, एवढ्या कलत्या रस्त्यावर गाडी उभी जरी केली तरी माणसं एकमेकांच्या मांडीवर जातील. माझ्या पेट्या तर विचारूच नको. कुठला घाट हा?"

"पुस्तकातला."

"मग पुस्तकातच राहू दे."

डोंगरातल्या रस्त्यांना असा कल साधारण दहा टक्क्यांच्या वर देत नाहीत, म्हणजे सहा अंशांच्या आसपास. हे मात्र मला ठाऊक आहे, एकदा रस्त्यांवर लेख लिहिला होता. मी तेवढं पुटपुटतो. भाची लगेच पकडते. "दाजी... म्हणजे बाबा, घाटातलं एकदम उलटं वळण असतं ना, त्याची त्रिज्या किती असंल?" मी दाजी म्हणतो ते ऐकून तीही कधी कधी घसरते.

दाजी गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत नजर टाकतात. गाड्या वळवणाऱ्या माणसाला अंतर फुटांत सुचतं, मीटरमध्ये नाही. "पन्नासेक फूट धर."

"पंधरा मीटर. कल दहा टक्के, म्हणजे टॅन थीटा पॉइंट वन. पंधरा गुणिले नऊ पॉइंट आठ गुणिले पॉइंट वन, चौदा पॉइंट सात. वर्गमूळ..." या वेळी लॉग टेबल उघडायला बावधनचा पुढं होतो, आणि बार नसलेला लॉग निघाल्यावर त्याचा चेहरा उजळतो. "तीन पॉइंट आठ तीन. ताशी चौदाच्या आत."

"आणि तुम्ही कितीनं घेता?"

"दुसऱ्या गिअरवर. वीस, पंचवीस. भरलेली असंल तर कमी."

"मग चौदाच्या वरचं कोण सांभाळतंय?" भाची परीक्षकासारखी विचारते.

"मी," दाजी म्हणतात.

"घर्षण!"

"बरं, घर्षण. टायर गोटा झाला की मग भेटू आपण तुझ्या घर्षणाला." कप गोळा करून ते खाली जातात. जाता जाता जिन्यातून आवाज येतो, "पण चौदा ही बरोबर हाय. पावसात मी तेवढ्यावरच येतो."

पेपरात विचारणार नाहीत अशा गोष्टीवर आत्ता वीस मिनिटं गेली, असं चष्मेवाला घड्याळ बघून जाहीर करतो. तो बरोबर आहे. पण बावधनचा वहीच्या कडेला काहीतरी लिहितोय. मी वाकून बघतो. 'घाट १४' एवढंच लिहिलंय, मराठीत.

आता तो विचारतो, "एक सांगा. सेंट्रिपीटल आत ओढतो. सेंट्रिफ्यूगल बाहेर ढकलतो. दोन्ही सारखेच, उलटे. मग हा न्यूटनचा तिसरा नियम झाला का?"

"नाही," तिघंही एकदम म्हणतात.

"का?"

इथं तिघांची तीन तोंडं होतात. चष्मेवाला म्हणतो, सेंट्रिफ्यूगल स्यूडो आहे, खरं नाही, लिहून टाक 'स्यूडो फोर्स' आणि पुढं जा. मेणवलीची म्हणते, व्याख्या पाठ आहे, म्हणून दाखवू का? आणि म्हणून दाखवते, एका श्वासात, स्वल्पविरामासकट. भाची सांगते, तिसऱ्या नियमातली दोन बलं दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात. मी भिंतीला ढकलते, भिंत मला ढकलते. इथं दोन्ही एकाच माणसावर लावतोयस, म्हणजे ती जोडी होऊच शकत नाही.

"पण गाडीत बसल्यावर बाहेर ढकललं जातं ते तर खरं ना? अंगाला कळतं की."

याचं उत्तर कुणी नीट देत नाही. साडेदहा वाजलेत.

या मुलाचं आणखी थोडं सांगायला हवं. तो दहावीपर्यंत गावातल्या शाळेत, पूर्ण मराठी माध्यमात शिकला. दहावीच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात 'अभिकेंद्री बल' होतं. ते त्याला कळलं होतं. दोरीला दगड बांधून फिरवलाही होता. अकरावीला सायन्स घेतलं आणि पुस्तक इंग्रजी, फळा इंग्रजी, प्रश्न इंग्रजी. "सेंट्रिपीटल म्हणजेच अभिकेंद्री, हे मला दिवाळीला कळलं," तो सांगतो. जून ते दिवाळी तो एका ओळखीच्या माणसाला परका समजून टाळत होता. परिबल म्हणजे टॉर्क, पृष्ठताण म्हणजे सरफेस टेन्शन, जडत्व म्हणजे इनर्शिया. एकेक करून जुनी ओळख पटत गेली. वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं जोड्या लिहून ठेवल्यात. काही जोड्यांना डावी बाजू नाही, कारण ते शब्द मराठीत त्याला कधी भेटलेच नाहीत.

गंमत अशी की या गच्चीपासून चालत जावं इतक्या अंतरावर, गंगापुरीत, मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली इथं, या गावात, विज्ञानातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीला मराठी नाव शोधायचा उद्योग वर्षानुवर्षं चालला. पहिला खंड १९७६ साली आला. माझ्या मोबाइलवर विश्वकोश उघडतो, म्हणून मी त्याच्या रिकाम्या जोड्या भरायला बसतो. इंटरफिअरन्सला व्यतिकरण. डिफ्रॅक्शनला विवर्तन. केशनळीत पाणी चढतं त्याला केशाकर्षण. हा शब्द सगळ्यांना आवडतो. मेणवलीची मुलगी तो दोनदा म्हणते आणि वेणीचं टोक हातात धरून बघते.

"आणि मोमेंट ऑफ इनर्शिया?"

"निरूढी परिबल."

शांतता. "आमचं जडत्व बरं होतं," बावधनचा म्हणतो.

मलाही तसंच वाटतं. पण निरूढी शोधणाऱ्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. त्यांनी शब्द केले, ते शब्द घेऊन बारावीचं पुस्तक काही आलं नाही. शब्द गंगापुरीत राहिला आणि मुलगा पूल ओलांडून इंग्रजी शिकायला गेला.

टॉर्क मात्र त्याला कुणी शिकवावा लागला नाही. त्याच्या गावच्या जत्रेतलं बगाड रंगपंचमीला असतं, यंदा पेपर संपल्यावर. बगाडाच्या लांबलचक शिडाच्या टोकाला लोंबकळलेला माणूस आणि दुसऱ्या टोकाला दोर धरून ओढणारे गडी, हे लहानपणापासून पाहिलेल्याला बलाइतकीच बाहूची लांबीही मोजायची असते हे सांगायला नको. मेणवलीच्या मुलीचं तसंच घंटेचं. मेणवलीच्या घाटावरची मोठी घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली, पोर्तुगीज, अंगावर मेरी आणि बाळ येशू. ती आता विचारते, "ओपन पाइपला सगळे हार्मोनिक्स, क्लोज्डला फक्त विषम. मग घंटा कशात येते?"

"सिलॅबसमध्ये येत नाही," चष्मेवाला.

घंटेचे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्णांक पटीत नसतात, म्हणून तर ती बासरीसारखी नाही, घंटेसारखी वाजते. मला हे सांगायचंय. पण रात्रीच्या अकरा वाजता, क्लोज्ड पाइपचं एंड करेक्शन अजून लिहून व्हायचं असताना, मी ते गिळतो. सुट्टीत सांगेन म्हणतो, आणि सुट्टीत विसरेन हेही मला माहीत आहे.

बारा वाजता उत्सवाचा माइक बंद होतो. चष्मेवाला मधल्या आळीत आपल्या घरी जातो. मुली खाली ताईपाशी. बावधनला जायला आता गाडी नाही म्हणून तो मुलगा गच्चीवरच राहतो, माझ्या शेजारच्या चटईवर. मी डोळे मिटतो, पण दिवा विझत नाही. अर्ध्या तासानं बघतो तर तो वळणाचं डेरिव्हेशन पुस्तकाविना लिहून काढतोय. आकृती सुरेख: कललेला रस्ता, त्यावर गाडीचा ठोकळा, एन वरती तिरका, त्याचे दोन घटक, एमजी खाली. मग ओळी. पहिल्या वाक्यात 'कन्सिडर' आहे, त्याचं स्पेलिंग तो ओठांत म्हणतो. पुढं फारसे शब्दच नाहीत. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला तीन टिंबं: ∴

"शब्द कमी लिहितोस," मी म्हणतो.

"तीन टिंबांना इंग्रजी लागत नाही मामा."

साडेतीनला खाली पिकअप सुरू होते. थंड इंजिनाची खोकल्यासारखी सुरुवात, मग गुरगुर, मग पसरणीच्या दिशेनं दूर जाणारा आवाज. तो मुलगा तेव्हा झोपलाय, लॉग टेबल छातीवर उपडं.

सकाळ घाईत जाते. ताईचे पोहे, देवापुढं पेन, कुणाचं तरी ओळखपत्र हरवणं आणि कंपासपेटीतच सापडणं. साडेनऊला दाजी माल उतरवून परत येतात. रिकाम्या पिकअपच्या हौद्यात चौघं चढतात, मीही. मालाच्या गाडीत माणसं बसवू नयेत हे दाजींना माहीत आहे. दहा मिनिटांचा रस्ता, म्हणत ते फळी लावतात. हौद्यात चिरडलेल्या स्ट्रॉबेरीचा गोड-आंबट वास दाटलेला आहे आणि फळ्यांवर लाल डाग पडलेत. सगळे उभे, वरच्या पाइपला एकेक हात, दुसऱ्या हातात वही. मेणवलीची मुलगी डोळे मिटून काहीतरी पुटपुटतेय. ती व्याख्या आहे की स्तोत्र, ते आवाजाच्या चढउतारावरून सांगता येत नाही.

बाजारातून बाहेर पडताना दाजी पुलाकडं डावीकडं वळतात. वेग काही फार नाही, पण वळण आखूड आहे. आम्ही सगळे उजवीकडं कलंडतो, चष्मेवाला थेट फळीवर आदळतो, कंपासपेटी खडखडत जाते.

"बघ, सेंट्रिफ्यूगल!" चष्मेवाला खांदा चोळत ओरडतो.

बावधनचा उत्तर देत नाही. तो पाइप धरून रस्त्याकडं बघतोय. मागं सरकणारा पूल, वळण, टायरचा मातीत उमटलेला बाक. मग तो भाचीच्या बाहीला धरून हलवतो.

"आपल्याला कोण ढकलतच नाही गं. आपण सरळच चाललोय. गाडी वळतीय. मग ती फळी येऊन आपल्याला वळवती." तो चष्मेवाल्याच्या खांद्याकडं बोट दाखवतो. "आत ढकललं त्याला फळीनं. बाहेर नाही."

"हां," भाची म्हणते. "तेच."

"आतून बघितलं तर बाहेर ढकलल्यासारखं वाटतं. रस्त्यावरून बघणाऱ्याला नाही."

"तेच म्हणतीय मी काल रात्रीपासून."

"तू असं नव्हतीस म्हणत."

परीक्षाकेंद्राच्या फाटकाशी गर्दी. आया, दुचाकी, गांधी टोपीतले दोन आजोबा, शेवटच्या मिनिटाला उघडलेली पुस्तकं. साडेदहाला आत सोडतात. बावधनचा उतरतो, चार पावलं जातो आणि परत येतो. कपाळावर आठी.

"पण हे इंग्रजीत कसं लिहायचं?"

"कितीला आहे?"

"दोनला."

"आकृती काढ," भाची त्याला पुढं ढकलत म्हणते. "दोन काढ. एक आतून, एक रस्त्यावरून. आणि बाणांना नावं दे."